कर्नाळ्याचा चढ

एलिशेवा गेल्याचं कळलं तेव्हा मी पनवेलजवळ कोनला कल्पेशच्या गॅरेजमध्ये उभा होतो. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्याने सीट उचलून ठेवली होती. इस्रायलमधल्या अश्दोदहून रियाचा, माझ्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, आई सकाळी उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. चार वाजता माती आहे."

तिकडचे चार म्हणजे आपले साडेसहा. आमच्या बेने इस्रायल ज्यू लोकांत माती लांबवत नाहीत. मला पोचणं शक्य नव्हतं. मी बरं म्हणालो. मग तिचं बाळ दूध पितंय का, ते विचारलं.

"काय झाला काका?" कल्पेशने विचारलं.

"बायको गेली."

त्याने पाना खाली ठेवला. "मंग गाडी र्‍हाऊ दे. मी सोडतो तुमाला घरी."

सुतकाचे सात दिवस मी जमिनीवर बसलो. एलिशेवाची मोठी बहीण मझलताई राहायला आली. भेटायला फार कोणी नव्हतं. पनवेलमध्ये आता मला धरून आमचे सातच पुरुष उरले आहेत.

आठव्या दिवशी ताईने नवसाचं काढलं. रियाला सहा वर्षं मूल नव्हतं. एलिशेवा नवस बोलली होती की मूल झालं तर प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवून अलिबागजवळ खंडाळ्याला, आमच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या खडकावर मलिदा करीन, आणि पनवेलची माणसं आपल्याच गाडीतून नेईन. बाळंतपणासाठी ती रियाकडे गेली. मुलगा झाला. तीन आठवड्यांनी ती तिथेच गेली.

"सात इथले, तीन अलिबागचे," ताई म्हणाली. "महिना पाळून झाला की पहिला रविवार सतरा तारखेचा. अठराला हसकेलमामा कायमचे मुलाकडे इस्रायलला चाललेत. मग नऊच."

"गाडी मिसिंग मारते, ताई."

"मग नीट करून घे. मामांचं विमान काय तुझ्या गाडीसाठी थांबणार आहे?"

मिसिंग म्हणजे चारपैकी एक सिलिंडर मध्येच काम सोडतो आणि इंजिन धक्के देत चालतं. कल्पेशने प्लग बदलले, एक फेरी मारून आला.

"गाडी मस्त हाय. तुमाला भास होतो."

"माणसं भरून चढावर घे, मग बघ."

"कदीपासून हाय हा?"

"माहीत नाही."

"अवो, गाडी तुमीच चालवता ना?"

"चालवतो मी. त्या सीटवर ती बसायची. तिला आधी कळायचं. ती सांगायची, मग मी तुझ्याकडे आणायचो."

महिना सरत आला तेव्हा एका गुरुवारी त्याने मागे वाळूच्या गोणी टाकल्या आणि आम्ही पेण रस्त्याने कर्नाळ्याचा चढ चढलो. तो एलिशेवाच्या जागेवर बसला होता. अर्ध्या चढावर त्याने सीटवर हात दाबला. "घावली." परत येऊन त्याने दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल तीनवर लावली. मिसिंग तीनवर गेली. म्हणजे प्लगला ठिणगी देणारी ती कॉइलच खराब होती.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "कॉइल उद्या सकाळला येते. गाडी घेऊन या, अर्ध्या तासाचा काम."

"उद्या शनिवार आहे. शब्बाथ. गाडी काढत नाही आम्ही."

"मंग मी येतो तुमच्या दारात."

"तुझ्याकडून करून घेतलं तरी ते काम माझंच होतं, कल्पेश. संध्याकाळी तारे दिसले की शब्बाथ संपतो, मग येतो."

"संध्याकाळला चुलतभावाची हलद हाय. रविवारी लगीन. सोमवारपर्यंत मी कुनाला दिसनार नाय." मग म्हणाला, "काका, काकींच्याच कामाला चाललाव ना? त्यांना चालंल."

तिला चाललं नसतं. गाडी घेतल्यापासूनच्या एकवीस वर्षांत तिने शनिवारी गाडीची चावी मला दिली नव्हती. मी नको म्हणालो.

"मंग एसी लावू नका. मीटरवरचा इंजिनचा दिवा लुकलुकला तर थांबा, नायतर सायलेन्सर जळंल."

शनिवारी तारे दिसल्यावर मी तरीही फोन केला. मागे डीजे वाजत होता. त्याला माझं काही ऐकू आलं नाही.

रविवारी, सतरा तारखेला, सकाळी सातजण निघालो. ताई सोबत नव्हती. तीही शनिवारी निघत नाही. शुक्रवारीच एसटीने पुढे जाऊन ती अलिबागला राहिली होती. हसकेलमामा शहाऐंशीचे, गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्यांना पुढे बसवलं. चढ लागला आणि गाडी हादरायला लागली.

"जुडाह, सीटखाली बकरा बांधलायस काय?" मामा म्हणाले.

दिवा लुकलुकत होता. मी गाडी कडेला घेतली. पाचजण उतरून चालायला लागले. मामाही दार उघडायला लागले.

"तुम्ही बसा, मामा."

"बसतो. मला चालवलंस तर दहाचे नऊ इथेच होतील."

रिकामी गाडीही चढेना. मागून चालत आलेल्यांपैकी बेंजामिन म्हणाला, "पळस्प्याहून दुसरी गाडी मागवू."

"तिने आपल्याच गाडीतून म्हटलं होतं."

मामांनी विचारलं, "काल गाडी दुरुस्तीला नेली असतीस, तर एलिशेवा काय म्हणाली असती?"

"बोलली नसती माझ्याशी."

"मग झालं. वळव गाडी."

मी ताईला फोन केला. ती खंडाळ्याला पोचली होती. पोहे भिजवून, नारळ-गूळ घालून मलिद्याचं ताट तयार होतं. ती म्हणाली, "या तिघांना खायला देते. फुकट घालवायचे नाहीत."

सोमवारी मी मामांना रिक्षाने विमानतळावर सोडलं. त्यांनी रियाचा पत्ता माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. तिच्या आईच्या कबरीवर जाऊन येईन म्हणाले.

मंगळवारी कल्पेशने कॉइल लावली. डोळे अजून तारवटलेले होते. आम्ही त्याच गोणी घालून कर्नाळ्याला गेलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सरळ चढली.

"आता बिनधास्त न्या माणसांना," तो म्हणाला.

दहावा म्हणून ठाण्याला दोघांना विचारून झालं आहे. एकाचं ऑपरेशन आहे, दुसरा कळवतो म्हणाला, त्यालाही आता दोन महिने झाले. आम्ही नऊच आहोत. नवस फेडायचा राहिला आहे.