दोन बोटं खाली

मी म्हैसूरमधल्या सरस्वतीपुरमच्या एका शांत रस्त्यावर, करंजाच्या झाडाखाली उभा असलेला पिकअप ट्रक. बोलावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आठवणीत चूक होईल अशी भीती वाटते. शंका घेण्याची ही सवय मला मालकांकडून लागली. मुळात मी असा नव्हतो.

मुळात मी बेट्टदपुरच्या एका शेतकऱ्याकडे होतो. पाठीवर तंबाखूचे गठ्ठे, कधी चारा, आणि डोंगरावरच्या देवळाची जत्रा असली की वीस-बावीस माणसं. ओझं किती, हे तिथे कोणी विचारलं नाही. सहा वर्षांनी त्याने नवी गाडी घेतली आणि मी हूटगळ्ळीत हरिहर मेकॅनिकच्या गॅरेजसमोर येऊन उभा राहिलो. तंबाखूचा वास तेवढा बरोबर आला.

तिथे मला मल्हारराव भेटले. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, वय शहात्तर. पहिल्यांदा आले ते वाकून माझी चासी पाहून गेले. दुसऱ्यांदा टॉर्च घेऊन आले. चौथ्यांदा आले तेव्हा हरिहरला हसू आवरेना.

“सर, मुलगी बघायला आल्यासारखे येताय. होकार द्या, नाहीतर पत्रिका जुळत नाही म्हणून सांगा!”

“जुळतेय रे. पण मी चुकत असेन तर?”

त्यांना एक लोखंडी होडी ओढायची होती. त्यांचे धाकटे भाऊ मानाजीराव कारखान्यात वेल्डर होते. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून त्यांनी ती हूटगळ्ळीतल्या आपल्या अंगणात बांधली. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळातले. मानाजीरावांच्या पत्नी भवानीबाई म्हणत, “सगळ्यांनी घोडे पाळले, आमच्या ह्यांनी अंगणात जहाज पाळलंय.”

होडी पुरी होत आली आणि मानाजीरावांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, नजर सहा महिने टिकेल, फार तर आठ. ती जायच्या आत होडी पाण्यात पाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि मल्हाररावांनी गाडी निवडायलाच चार महिने घेतले.

त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. कारण त्यांचं काही चुकत नव्हतं. ते म्हणत, इंजिन किती जोरात पळतं ते पाहू नये, हळू चालताना किती ओढतं ते पाहावं. ओल्या उतारावरून वर यायला चारही चाकांत जोर हवा. आणि ओढण्यापेक्षा थांबणं अवघड, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. हूक त्यांनी बंपरला लावू दिला नाही, थेट चासीला बसवून घेतला. तो सुटलाच तर म्हणून खाली दोन साखळ्या, एकमेकींवरून तिरक्या. हरिहर कानडीत “साकु सर, साकु!”, पुरे आता, म्हणून विनवी, आणि नट पुन्हा आवळी.

शेवटी हूकवर येणारा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग तिथे यायला हवा, नाहीतर ट्रेलर डोलतो. घरचा वजनकाटा अपुरा पडला, तेव्हा त्यांनी फळीची तरफ करून तो भार मोजला. होडी जोडली की माझी पाठ बरोबर दोन बोटं खाली बसे. एव्हाना मानाजीरावांना नीट दिसत नव्हतं. मल्हाररावांनी त्यांचा हात धरून माझ्या हौद्याच्या काठावर ठेवला.

“हे बघ, काठ आधी इथे होता. आता इथे.”

“दोन बोटं,” मानाजीराव म्हणाले. “एवढ्यासाठी चार महिने, दादा?”

 त्या दिवशी मल्हाररावांनी पुढे काहीच मोजलं नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी आम्ही निघालो. माझ्यापुढे कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. कावेरीच्या बॅकवॉटरची वाट धरली, वेग थोडा वाढला, आणि मागचा ट्रेलर शेपटी हलवावी तसा डोलू लागला. मल्हाररावांनी ब्रेक मारला नाही. फक्त पाय उचलला. हळूहळू मी थांबलो. पाहतात तो होडीच्या मागच्या टोकाला बिसीबेळे भाताचं मोठं पातेलं, पाण्याचे कॅन आणि शेजाऱ्यांच्या डझनभर खुर्च्या!

“अय्यो, भाऊजी, भातानं कुठं गाडी उलटते?” भवानीबाई म्हणाल्या.

“भातानं नाही. भात कुठे ठेवला त्यानं.”

सगळं पुढे सरकवलं, आणि मी सरळ चालू लागलो.

काठावर पोचलो तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं. मानाजीराव इकडे तिकडे मान फिरवत राहिले. “दादा, नुसतं चकाकतंय रे. होडी कुठे आहे?”

उशीर झाला होता.  तरी मल्हारराव मला मागे, पाण्याकडे नेऊ लागले, अगदी मुंगीच्या पावलांनी. माझ्या हौद्याच्या काठावर हात ठेवून मानाजीराव बरोबर चालत होते. ट्रेलर पाण्यात उतरला. क्षणभर मी आणखी दबलो. मग मागचं ओझं एकदम सरलं आणि माझी पाठ वर आली. दोन बोटं.

मानाजीरावांचा हातही माझ्याबरोबर वर आला.

“उचलली!” ते ओरडले. “तरंगली रे माझी होडी! पाहिली मी, दादा, पाहिली!”

मल्हाररावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. होडी तिकडे काठाला बांधलेली आहे. मल्हाररावांनी आता गाडी चालवणं सोडलं. दर रविवारी भवानीबाई मानाजीरावांना इथे घेऊन येतात. “दोन महिने आधी निघायला हवं होतं,” मल्हारराव म्हणतात. “सोड की दादा,” मानाजीराव म्हणतात. दोघांचा चहा तसाच निवतो.

उद्या हरिहर गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. नव्या मालका, मी कदाचित फार मागत असेन. हूक गंजला आहे, तरी काढू नकोस. आणि निघण्याआधी एखादे म्हातारे गृहस्थ चाचपडत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवतील, तेव्हा इंजिन लगेच सुरू करू नकोस. त्यांचं पाहून होऊ दे.