सोमाजीचं नाक

“हे पाहा, रेकॉर्डिंग चालू आहे. आता सांगा, पाच किलोचा सिलेंडर चार दिवसांत संपते कसा?”

नागपूरच्या अमरने मोबाइल सोमाजीच्या तोंडापुढे धरला होता. मागे मोहाच्या झाडाखाली त्याची पांढरी कॅम्पर व्हॅन उभी होती. टपावर तंबू, तंबूच्या शिडीवर वाळत घातलेला टॉवेल. सोमाजीने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग मोबाइलकडे. धानोऱ्याच्या एजन्सीचे सिलेंडर छोट्या पिकअपमधून गावोगावी पोचवता पोचवता त्याची सव्वीस वर्षं सरली होती. लोकांनी रागवायचं आणि आपण ऐकून घ्यायचं, यात तो कधीचाच तयार झाला होता.

“सोमवारी चौकात मीच देलो ना तुमाले?”

“तुम्हीच.”

“काट्यावर लावून देलो. सील तुमच्याच हातानं तुटलं.”

“तेच तर म्हणून राहिलो मी! दोन टाइम चहा अन् एक टाइम भात. पंधरा दिवस पुरते म्हणाले होते तुम्ही. काल तर आम्ही शेगडी पेटवलीच नाही, बाहेर तीन दगडांवर जेवण केलं. आज सकाळी हलवून पाहतो, तर रिकामा डबा! गॅस काढून घेता तुम्ही लोकं.”

वीस पावलांवर बुधरी खराट्याने पाला लोटत होती. पहाटेपासून टपटपलेला मोह वेचून झाला की झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे उद्याची फुलं काळ्या भुईवर ताऱ्यांसारखी दिसतात. तिच्या पहिल्या ढिगातून धूर निघायला लागला होता. ती तिथूनच हसली.

“सोमाजीभाऊ, चोर म्हणून राह्यला तो तुमाले. माहा सिलेंडर पहिले उतरवा, मंग जा जेलात.”

“जातो, बाई. डबा बांधून द्या फक्त,” सोमाजी म्हणाला आणि व्हॅनच्या मागच्या दाराशी गेला.

आत पलंगाच्या फळीखाली सिलेंडर होता. त्याला खेटून ओल्या मोहफुलांचं गच्च भरलेलं पोतं. सोमाजीने सिलेंडर एका हाताने तिरपा केला. हलका होता, तळाशी जेमतेम थोडा गॅस उरला होता. म्हणजे अमर खोटं बोलत नव्हता, आणि काटाही खोटा नव्हता. दोघंही खरे असतील, तर चार किलो गॅस गेला कुठे?

त्याची नजर रेग्युलेटरवर गेली. चावी चालूवर होती.

“रातभर असाच व्हता?”

“हो. पण शेगडी बंद होती. अन् लीक असता तर अलार्म वाजला असता ना. गाडी बनवणाऱ्याने बसवून दिला आहे.” अमरने वर बोट केलं. छताला, पंख्याशेजारी, एक पांढरी डबी चिकटवलेली होती. तिचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

सोमाजीने डबीकडे पाहिलं, मग खाली भुईकडे.

“भाऊ, हा गॅस पाण्यासारखा असते,” तो हळू म्हणाला. बोलता बोलता त्याने चावी बंद केली. “जड असते. पहिले खाली भुईवर साचते, मंग वर चढते. तुमची डबी छताले लटकून राह्यली. तिले काय ठावं, खाली काय भरलं हाय ते.”

तेवढ्यात आतून आवाज आला. “अमर, माचीस कुठी ठेवली रे? दिवा लावाचा राह्यला माहा.”

अमर रात्री टपावरच्या तंबूत झोपला होता. त्याची आई, प्रेमिलाबाई, आतल्या खालच्या पलंगावर. सकाळपासून डोकं ठणकतं म्हणून ती आतल्या अंधारात पांघरूण घेऊन पडून होती, सोमाजीला ती दिसलीच नव्हती. आता उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, मांडीवर पितळेचं निरांजन, आणि उशीखाली चाचपडताना माचीसही तिला सापडली होती. एक काडी तिने बाहेर काढली.

“माय, हात थांबवा,” सोमाजी म्हणाला. ओरडला नाही. ओरडल्यावर दचकून हात चालतो, हे त्याला माहीत होतं. “काडी ओढू नका. गाडीत गॅस भरला हाय.”

अमर पुढे झेपावला. “मी पंखा लावतो, बाहेर फेकेल तो...”

“बटन नाई! बटनात ठिणगी पडते. कोणत्याच बटनाले हात नका लावू.” आणि मागे वळून, “बुधरीबाई, तो ढीग इझवा!”

बुधरीने का म्हणून विचारलं नाही. पाण्याची घागर उचलली आणि सगळी ढिगावर उलटी केली.

प्रेमिलाबाई मात्र हलली नाही. काडी दोन बोटांत तशीच. “काहीच्या बाही नको सांगू, बावा. गॅसचा वास मले समजते. इथी मोहाचा येऊन राह्यला, गोड. नागभीडचं माहेर माहं. वीस वर्सांनी घेतला हा मोह मी, रातभर त्याच्याच वासात झोपली. गॅस असता तर नाकाले समजला नसता का?”

अमरने खोल श्वास ओढला. एकदा, दोनदा. “खरंच नाही येत हो. तुम्हाला येते का? सांगा ना. तुम्ही तर गॅसवाले.”

बंद पोत्यात आंबत आलेल्या मोहाने गाडी काठोकाठ भरली होती. त्या वासाखाली दुसरा कुठलाही वास दबून जाणार होता. सोमाजीला ‘येते’ म्हणता आलं असतं. पण बाईचा आपल्या नाकावर विश्वास होता. ती म्हणाली असती, मला येत नाही तर तुला कसा येतो? आणि काडी ओढली असती. तिघांचे डोळे त्याच्यावर होते. मोबाइलही अजून अमरच्या हातात चालूच होता.

“मले तर मोहाचाबी येत नाई, माय,” सोमाजी म्हणाला.

“म्हंजे?”

“दोन साल झाले. ताप आला, आठ दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. फुलाचा नाई, भाकर करपल्याचा नाई, गॅसचा नाई. तरी रोज वीस घरी सिलेंडर बसवतो, अन् आजवर एकाबी घरी भडका झाला नाई. काऊन? मी नाकाले विचारतच नाई. साबनाच्या फेसाले विचारतो. माहं नाक गेलं हाय, तुमचं मोहानं बंद केलं हाय. काडी ठेवा, माय. हात द्या.”

प्रेमिलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. एवढी मोठी गोष्ट परक्या माणसाने उगीच सांगितली नसती, हे तिला कळलं असावं. तिने काडी पेटीत घातली, पेटी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि त्याच हाताच्या आधाराने खाली उतरली. त्याने तिला झाडांतून लांब नेलं. हापशाजवळ पोचल्यावर तिला भडभडून ओकारी झाली. बुधरीने पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. मोकळ्या वाऱ्यात हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग परतला.

व्हॅनची चारही दारं तासभर उघडी ठेवली. मग सोमाजीने सिलेंडर नळीसकट बाहेर, दूर उघड्यावर आणला. बुधरीच्या घरच्या साबणाचा फेस केला, नळीचं मोकळं टोक दुमडून धरलं, फेस नळीवर बोटाने लावत गेला आणि चावी कणभर उघडली. टोकापासून वीतभरावर फेस फुगला. एक बुडबुडा, त्यामागून दुसरा, तिसरा. पत्र्याच्या भोकातून नळी ओवली होती तिथे रबराची कडी बसवलेलीच नव्हती. रस्त्याच्या प्रत्येक गचक्याला पत्रा नळी कापत होता.

अमर त्या बुडबुड्यांकडे पाहत उकिडवा बसला. “सगळं चेक करून देलं म्हणे गाडीवाल्यानं.”

“केलं असन. उभ्या गाडीत केलं असन. गड्ड्यात कोण चेक करते?” सोमाजीने चावी बंद केली. “नळी नवी घ्या, भोकाले रबर बसवा. डबी खाली आणा, भुईपासून वीतभर. झोपाच्या आधी चावी बंद. अन् मोहाचं पोतं टपावर बांधा, माय. माहेर काही पळून जात नाई.”

प्रेमिलाबाई हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला.

अमर उठला. मोबाइल हातात उलटापालटा करत म्हणाला, “ते तुमचं... नाकाचं... सगळं रेकॉर्ड झालं आहे. तेवढं मी कापतो. तुमच्या नोकरीचं...”

सोमाजीने दोन वर्षं जपलेली गोष्ट त्या काचेच्या तुकड्यात होती. बायकोलाही त्याने सांगितली नव्हती. नाक गेलेल्या माणसाच्या हाती गॅसची गाडी कोण ठेवणार?

“कापू नका,” तो म्हणाला. “तेच तर कामाचं हाय. मोहाच्या दिवसांत अश्या लय गाड्या येतेत, पोते भरून नेतेत. वास नाई येत म्हणून कोणी काडी पेटवू नये. टाका सगळं लोकाइले पाहाले, फक्त दुपारपर्यंत थांबा. आमच्या मालकाले मी सांगतो पहिले. माह्या तोंडानं.”

सिग्नलसाठी तो तळ्याच्या पाळीवर चढला. एजन्सीच्या मालकांना, घनश्यामभाऊंना, त्याने फोनवर सगळं सांगितलं.

“दोन साल? अन् मले आज सांगून राह्यला तू?”

“हो भाऊ.”

“तक्रार एकबी नाई तुही आजवर.” मग एक उसासा. “पण आता माहीत झाल्यावर मी गाडी कशी देऊ, सोमाजी? उद्या चाबी जमा कर. गोदामात लावतो तुले.”

“बरं,” सोमाजी म्हणाला. पाळीवरून त्याला रस्ता दिसत होता. मोहाच्या दोन रांगांमधून तो पुढच्या गावाकडे वळत गेला होता. तिथल्या प्रत्येक घराची शेगडी कुठल्या कोपऱ्यात आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. तो खाली उतरला.

आजचा दिवस अजून त्याचा होता. पिकअपमधून बुधरीचा सिलेंडर त्याने खांद्यावर घेतला. बुधरी पुढे, तो मागे. तिच्या घरात त्याने रेग्युलेटर बसवला आणि फेस लावला. इतके दिवस या जागी तो लोकांना दाखवायला वाकायचा, उगीच हुंगल्यासारखं करायचा आणि मान हलवायचा. आज तो तसाच बसून राहिला.

बुधरीने केस कानामागे सारले, गुडघे टेकले आणि सिलेंडरच्या तोंडाशी नाक नेऊन डोळे मिटून हुंगलं.

“नाई येत, भाऊ.”

सोमाजीने फेसाकडे पाहिलं. फेस स्थिर होता.

“पेटवा,” तो म्हणाला.