टिकारामभाऊंची सकाळची तालीम

मोहाडीचे टिकारामभाऊ जन्मभर मागावर साड्या विणत आले आणि जन्मभर धागा तुटला की घर डोक्यावर घेत आले. पन्नाशीनंतर मोबाईलवरच्या एका भाषणमालेत त्यांना स्टोइक नावाची जुनी तत्त्वज्ञ मंडळी भेटली आणि घरात शांतता नांदू लागली. निदान भाऊंचं तसं मत होतं.

"दोन हजार वर्सांआधीचे लोक होते," ते बायकोला, शोभाताईंना, सांगत. "त्यात एक बादशहा होता अन् एक गुलाम बी. दोघाईचं म्हणणं एकच. आपला विचार अन् आपली वागणूक आपल्या हातात. पाऊस, निकाल, लोकाईचं बोलणं, हे नाई. मंग त्याच्यापाई जीव कायले जाळायचा?"

"चहा प्या आधी. थंडा होऊन राहिला," शोभाताई म्हणत.

या मंडळींची एक तालीम भाऊंना फार भावली. काय काय वाईट होऊ शकतं ते सकाळीच डोळ्यांसमोर आणायचं, म्हणजे ते आलंच तर माणूस कोलमडत नाही. भाऊ ही तालीम ओसरीवर बसून, खड्या आवाजात करत. आज मागावरचा ताणा, उभा धागा, तुटेल. आज गिऱ्हाईक साडी परत आणेल. 'शुभ बोल रे नाऱ्या' असं पुटपुटत शोभाताई त्यांच्या पायाखालून झाडू फिरवत.

एकुलती एक रेणू खाजगी दवाखान्यात नर्स होती. सरकारी भरतीची परीक्षा तिने दिली होती आणि निकालाकडे डोळे लावून बसली होती. त्यामुळे हल्ली तालमीत रोज तिचाच नंबर. "रेणूचं नाव लागणार नाई. आपण हासत सहन करू."

पण स्टोइक माणसाने लोकांचं बोलणंही सोसायला शिकावं. म्हणून बाजाराच्या दिवशी भाऊंनी मिरच्या निवडणाऱ्या, गल्लीतल्याच देवकाबाईंना निकालाआधीच आपणहून सांगून टाकलं, "रेणूचं काई झालं नाई, बाई." देवकाबाईंना सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. त्या हसतील, भाऊ शांत राहतील, असा बेत होता.

देवकाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाच्या घरी चूल पेटू देऊ नये, ही गल्लीची रीत. दुपारी चार बायका वरणभाताचे डबे घेऊन भाऊंकडे बसायला आल्या. शोभाताईंना काही कळेना आणि भाऊ मागाखालच्या, विणताना पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर येईनात.

तेवढ्यात रेणू घरी आली. दारात चपलांचा ढीग, आत डोळे पुसणाऱ्या बायका. ती चपला न काढताच आत धावली.

"बाबा कुठी हायेत? बाबाले काय झालं?"

"तुया बाबाले काय होते?" देवकाबाईंनी तिला कुशीत घेतलं. "पुढच्या वक्ती होईन तुयं, माय. रडू नको."

"काय होईन? माह्यं तं झालं! आताच फोन आला. पार दुसऱ्या टोकाले, नंदुरबारले जा लागते, सोमवारी."

मग डबे हातात घेऊनच बायका हसत सुटल्या. हसले नाहीत ते फक्त भाऊ. त्यांनी मागावर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

"आता काहून रडता?" शोभाताई म्हणाल्या. "पोरगी पास झाली ना!"

रेणू खड्ड्याच्या काठावर बसली. "बाबा, मी पास झाली तं काय, याची तालीम नाई केली का तुमी?"

"एक डाव बसलो होतो कराले," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "तू बॅग घेऊन दारात उभी दिसली. तसाच उठलो. मंग रोज तू नापास होशीन, तेच करत होतो. ते सोसवत होतं, बाई. तुयं जाणं नाई सोसवत."

रेणूला खरं तर राग यायला हवा होता. तिने ओढणीच्या टोकाने बापाचे डोळे पुसले आणि त्याच टोकाने आपलेही.