यम्मासाठी पाहिलेलं शहर

कोटाच्या खिशात बोटांना ते लागलं — गुळगुळीत, थंड, सागरगोट्याहून थोडं मोठं. रबियाने बाहेर काढलं. व्हिएन्नाच्या फुटपाथवर झाडाखाली सापडलेलं तपकिरी फळ. तेव्हा कसं तकतकीत होतं, आता एका बाजूने सुरकुतलंय…

“काय ते?” लैलाने विचारलं. कुवेतच्या रुमैथिया भागातल्या या घरात आईची खोली ती आज पहिल्यांदाच आवरत होती.

“काही नाही, मॅडम. रस्त्यावरचं.”

रस्त्यावरचं — पण हेच मुठीत धरून यम्मा दुपारभर झोपली होती. यम्मा म्हणजे लैलाची आई; सगळं घर म्हणायचं म्हणून रबियाही तेच म्हणायची. ऑपरेशनसाठी तिला व्हिएन्नाला नेलं तेव्हा लैला नुकतीच बाळंत झाली होती, यम्माचा मुलगा पोचवून परत फिरला, आणि मागे राहिली ती रबिया, दाभोळची, वर्षानुवर्षं यम्माचं अंथरूण-पांघरूण करणारी. विमानात म्हातारीने तिचं मनगट सोडलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, बस. एका दुपारी यम्मा म्हणाली, “इतक्या लांब येऊन भिंतच बघायची? तू जा. बघून ये, मला सांग.”

एकटीने? कुवेतमध्ये कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, वाणसामानाच्या दुकानातून दूध आणायचं तरी विचारून जावं लागायचं… ट्रॅममध्ये तिकीट यंत्रात घालून छाप उमटवायचा हेही तिला ठाऊक नव्हतं, शेजारच्या गोऱ्या म्हातारीने ते हातातून घेऊन छापून दिलं. मग भलत्याच थांब्यावर उतरली, सगळे रस्ते सारखे, सगळ्या इमारतींवर दगडी माणसं — आणि त्याच नंबरची ट्रॅम पुन्हा आली, गोल फिरून निघाली होती तिथेच घेऊन आली. शहराभोवती नुसती गोल फिरते ती, हे कळल्यावर भीती गेली.

मग रोज. खिडकीजवळची जागा, मांडीवर रिकामे हात, आणि मी — मी नुसती बघत होते. कुणाचं औषध नाही, कुणाची हाक नाही…

परतल्यावर मोडक्या अरबीत सांगायची. “पाणी आहे?” यम्माने विचारलं होतं.

“आहे. आमच्या खाडीसारखं. पण वास नाही.”

“मग कसलं पाणी!” यम्मा हसली, हसता हसता खोकली. त्याच आठवड्यात एका सकाळी, रबिया चमच्याने पाणी पाजत असताना, ती गेली.

“जाफर सांगत होता…” लैला कपाटाकडे तोंड करूनच बोलली. जाफर तिचा भाऊ. “नर्सने त्याला सांगितलं, तू रोज बाहेर जायचीस. माझी आई तिथे पडलेली, आणि तू शहर बघत होतीस?”

“त्यांनीच पाठवलं, मॅडम. येऊन सांग म्हणायच्या.”

लैला वळली. आईच्या पलंगावर बसली. “मग मला सांग. तिला जे सांगायचीस ते.”

“झाडं होती,” रबिया म्हणाली. “मोठी. पानं पिवळी पडत होती… ट्रॅम लाल…”

पुढे येईना. यम्मासमोर शब्द चुकले तरी शहर उभं राहायचं. इथे प्रत्येक शब्द सुटा पडत होता. आणि तळाशी होतं ते — जे यम्मालाही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ती ट्रॅममधून उतरलीच नव्हती. दुसरी फेरी, तिसरी. दिवे लागले, काचेत तिचाच चेहरा दिसला, आणि वाटलं, असंच फिरत राहावं, हॉस्पिटल नको, कुवेत नको, दाभोळही नको. आयुष्यात इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. यम्मा मरत होती, आणि मी सुखात होते…

तिला रडू फुटलं. लैलाने हात धरून तिला शेजारी बसवलं आणि स्वतःही रडू लागली — “किती जीव होता गं तुझा तिच्यावर…”

होताच. रबियाने मान हलवली. पण डोळ्यांतलं पाणी नेमकं कुणासाठी, यम्मासाठी की खिडकीजवळच्या त्या जागेसाठी, हे तिला वेगळं काढता येईना. आणि लैलाचा उबदार हात तिच्या हातावर तसाच होता.