कोरड्या दगडातले पाणी

मित्रांनो, मी एक जुने दाबयंत्र आहे आणि खरे सांगायचे तर पार दमलो आहे. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याला दाबण्यात गेले त्याची कोणाला कणव येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी थोडे ऐकून घ्या. माझ्यापाशी आता वेळच वेळ आहे.

माझा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला. मला ओतले, तासले, माझ्या पोटात जाड दट्ट्या बसवला आणि खाली तेलाचा पंप जोडला. माझी भावंडे पत्रे वाकवायला गेली. माझे नशीब वेगळे, मला एका विद्यापीठाच्या तळघरात आणले. दारात मी मावेना, म्हणून चौकट काढावी लागली. 'पहिल्याच दिवशी दार मोडलं' असा माझा लौकिक झाला, तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

तिथे मला बाई भेटल्या. त्या भूवैज्ञानिक. पृथ्वीच्या पोटात पाणी आणि खनिजे एकमेकांशी कशी वागतात, हे त्यांना शोधायचे होते. तिथे खोलवर तळी नसतात की झरे नसतात. पाणी असते ते खनिजाच्या कणाकणात मुरलेले, आणि तेवढ्यानेही खडक लवकर वितळू लागतो. आता तिथे काही जाता येत नाही. म्हणून बाई तिथला दाब आणि तिथली आच माझ्या पोटात निर्माण करायच्या.

खनिजाची पूड तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लॅटिनमच्या डबीत भरायची आणि डबीचे तोंड वितळवून बंद करायचे. डबीभोवती तापणारी नळी आणि त्याभोवती शंखजिऱ्याचे कवच. मग माझे काम सुरू. दिवसच्या दिवस दाब धरून उभे राहायचे, काटा जरासुद्धा ढळू द्यायचा नाही. शेवटी बाई एकदम वीज तोडायच्या, म्हणजे आत जे काही घडले ते तसेच गोठून राहायचे. मग डबी वरच्या मजल्यावर तपासायला जायची आणि मी हुश्श करायचो.

शंखजिरे म्हणजे तोच मऊ दगड, ज्याची अंगाला लावायची पावडर करतात. त्याच्या अंगात मुळातच पाणी असते, म्हणून कवचे आधी भट्टीत भाजून घ्यावी लागतात. कच्चे आणि भाजलेले कवच दिसायला जवळपास सारखेच. पण कच्च्यावर नखाचा ओरखडा उठतो, भाजलेल्यावर उठत नाही. बाई प्रत्येक कवचावर नख ओढून बघायच्या. त्यापायी त्यांच्या अंगठ्याचे नख कायम झिजलेले. त्यांची धाकटी बहीण म्हणायची, "ताई, फोटो काढताना तो हात मागे ठेवत जा बाई!"

सुरुवातीला माझे कोण कौतुक! पाहुणे यायचे, मला हात लावून बघायचे. मग वर नवी यंत्रे आली, गुळगुळीत, पांढरीशुभ्र, जरा धूळ बसली की बंद पडणारी. माझ्या खांद्यावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालू लागले. फक्त बाई आणि माझे तेलपाणी बघणारे मिस्त्री तेवढे येत राहिले. बाईंचेही केस पिकले. त्या जिना उतरू लागल्या की मिस्त्री म्हणायचे, "बाई, तुमचे गुडघे वाजतायत की याचा पंप, तेच कळत नाही."

बाईंचा एक जुना दावा होता. आपण ज्याला अगदी कोरडे समजतो असे एक खनिजसुद्धा खोलवर थोडे पाणी धरून ठेवते, असा. तो कोणी मनावर घेत नव्हते. त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा विभागप्रमुख खाली आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या दाव्याचं काही निघालं तर बघा. निघालं तर हे धूड ठेवू. नाहीतर तुमच्या पाठोपाठ तेही भंगारात."

बाईंनी ते खनिज नीट वाळवले, डबीत पाण्याचा थेंबही घातला नाही. नेमका त्याच सुमारास प्रयोगशाळेत हातमोज्यांचा नियम निघाला. बाईंनी मुकाट्याने हातमोजे चढवले, भाजलेल्या कवचांच्या डब्यातले एक उचलले आणि बसवले. मी दाब धरला.

आणि डबीत पाणी निघाले! पाणी असले की तपासणीच्या आलेखावर उंचवटा येतो. हा उंचवटा चांगला ठसठशीत होता. बाई चक्क रडल्या. प्रमुखांनी घासाघीस न करता माझ्यासाठी रंगसुद्धा मंजूर केला. निळा रंग, मित्रांनो! मलाही वाटले, चला, म्हातारपण बरे जाणार.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण बाईंना घरी न्यायला आली. बाई आवराआवर करत होत्या. बसल्या बसल्या बहिणीने त्याच डब्यातले एक कवच हातात घेतले आणि चाळा म्हणून त्यावर नखाने रेघोट्या ओढल्या.

"ताई, हे साबणासारखं उठतं गं!"

बाईंनी हातमोजा काढला. त्या कवचावर नख ओढले. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. भाजलेल्यांच्या डब्यात कोणीतरी कच्ची कवचे ठेवून दिली होती. बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"काय झालं?" मिस्त्री धावत आले.

"कच्ची आहेत हो. तापल्यावर यांचं पाणी सुटतं. त्यातला हायड्रोजन तापलेल्या प्लॅटिनममधून आत शिरतो आणि खनिजातल्या ऑक्सिजनशी जुळून आत पुन्हा पाणी तयार होतं. आपल्याला दिसलं ते पाणी खनिजाचं नसेलही."

"जाऊ द्या ना बाई. आलाय उंचवटा, तर येऊ दे. कशाला उकरून काढताय?"

"ते कवचाचं पाणी असलं तर?"

"आणि नसलं तर?"

"तेच तर बघायचंय."

"ताई, किती दमलीस! घरी चल आता," बहीण म्हणाली.

"दमलेय गं. पण एवढं एक लावून मग सुटले."

भट्टीतून नवी कवचे भाजून निघाली. बाईंनी नियम गुंडाळून ठेवला आणि उघड्या नखाने प्रत्येक कवच तपासले. मी पुन्हा दाब धरला.

मला सगळे कळत होते. पंपाची एखादी चकती फाटू दिली असती, थोडे तेल गाळले असते, तर प्रयोग फसला असता आणि माझा निळा रंग वाचला असता. म्हाताऱ्या यंत्राला कोण बोल लावतो? शिवाय खरेच, मला त्या कामाचा वीट आला होता. सांधा न् सांधा ठणकत होता. पण बाई समोर बसून काट्याकडे बघत होत्या, आणि त्यांना माझ्याकडून फसवून घ्यायचे नव्हते. मी काटा ढळू दिला नाही.

आलेख सपाट आला. कोरडा दगड कोरडाच होता.

बाई प्रमुखांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "जाहीर करू नका. माझा दावा चुकला."

"अहो बाई, इतकी वर्षं घालवलीत, हातात काय उरलं मग?"

"उत्तर उरलं ना. 'नाही' असं."

प्रमुख वर गेले. बाईंनी फडके घेतले आणि माझी चौकट पुसली. अगदी सावकाश पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग माझ्या पोलादाला कपाळ टेकून म्हणाल्या, "तू बरोबर सांगितलंस हो. वाईट वाटतंय, पण बरोबर सांगितलंस." मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी तेल गळलेच असते.

आता मी इमारतीच्या मागे उभा आहे. भंगाराची गाडी कधीही येईल. मिस्त्रींनी जाण्यापूर्वी माझ्यातला सगळा दाब सोडून दिला. इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते, आणि इतके रिकामेही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसा, त्यांना वेळेवर तेल घाला, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. कोणी राबून राबून शेवटी 'नाही' असे उत्तर आणले, तर त्याला दाराबाहेर काढू नका. ते 'नाही' आणतानाही मला तितकाच दाब सोसावा लागला होता.