पीयूच्या डब्यात एनसी थिनर

थिनर म्हणजे थिनर, असं मी दुकानदाराला म्हणालो, तिथंच माशी शिंकली. पण त्या दिवशी मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

सोमवारी माझ्या पोरीला, अक्षराला, भोकरला हजर व्हायचं होतं. कृषी सहायक म्हणून लागली होती, अन् वाट्याला गावं अशी आली की एसटी सकाळी एकदा तोंड दाखवती अन् मग दिवसभर गायब. गाडी चालवल्याशिवाय ही नोकरी निभणार न्हाई, हे उघड होतं. लायसन होतं, गाडी दारात होती. पण महिन्यापूर्वी आमच्या नांदेडच्या घराच्या गेटातून काढताना तिनं बोनेटची डावी कड खांबाला घासली, अन् तेव्हापासून ती चावीला हात लावीना. "एसटीनं जाईन, कुणाच्या मागं बसून जाईन," एवढंच म्हणायची. मला वाटलं, येताजाता तो ओरखडा दिसतो म्हणून पोरगी बिचकून राहिली. ओरखडाच मिटवला तर भीती कशाची? रविवारी ती मैत्रिणीकडं अर्धापूरला गेली, अन् मी बाह्या सरसावल्या.

गॅरेजवाला चार दिवस मागत होता. चार दिवस! ठेव म्हणलं तुझं गॅरेज तुझ्यापाशी. माझा दोस्त भागवत हौसेनं स्वतःची गाडी घरीच रंगवतो. त्याच्याकडून रंगाआधी मारायच्या प्रायमरचा डबा अन् तो घट्ट करणारा हार्डनर आणला, स्प्रे गन भाड्यानं घेतली. राहिला तो पातळ करायचा थिनर.

वजिराबादच्या रंगाच्या दुकानात गर्दी, अन् दुकानदार चौकशा करून राहिला.

"साहेब, दोन जातींचे येतात, एनसी का पीयू? प्रायमर कोणता हाय?"

"अरे, थिनर म्हणजे थिनर. दे लवकर."

"डब्यावर लिहिलेलं असतंय, बघा बरं."

"दे म्हणलं ना!"

त्यानं खांदे उडवले अन् सगळ्यात जास्त खपतो तो, एनसीचा, पुढं सारला.

घरी येऊन पॉलिश पेपरनं पत्रा घासला, काचेवर कागद चिकटवले अन् मारला प्रायमर. काय दिसला म्हणता! राखाडी, गुळगुळीत, एकसारखा. मी घरात ओरडून सांगितलं, "अर्ध्या तासात वाळतोय बघा!"

अर्ध्या तासानं बोट लावलं. चिकटलं. ठसा उमटला. जरा वेळानं दुसरीकडं बोट लावलं, तिथंही ठसा. टेबलफॅन आणून लावला. मग गाडी ढकलत उन्हात आणली. आमच्याकडलं ऊन असं की माणसाचा पापड व्हावा, पण प्रायमर काही वाळेना. मी घरात जाऊ, पाणी पिऊ, परत बाहेर येऊ, परत बोट लावू. जिवाची नुसती तगमग.

"अहो, सारखं बोट लावल्यावर कसं वाळंल?" बायको, वर्षाराणी, पायरीवरून म्हणाली. "बसा की घटकाभर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. डबा तरी वाचलाय का?"

वाचला नव्हता. चष्मा लावून वाचला. बारीक अक्षरात होतं, फक्त पीयू थिनर वापरा. भागवतला फोन लावला.

"मेलास गड्या," तो म्हणाला. "एनसी थिनर हार्डनरला कामच करू देत न्हाई. आठवडा ठेवलास तरी चिकटच राहणार. पत्र्यापर्यंत पुसून काढ अन् पीयू थिनर आण. तो बी स्लोवाला. ह्या उन्हात फास्ट मारलास तर पत्र्यावर बसायच्या आधीच वाळून भुकटी होतंय."

फोन ठेवून वळलो तर गाडीपाशी अव्वा. अव्वा म्हणजे माझी आई, उमाबाई. तिच्या हाताखालून विभूती लावल्याशिवाय काही सुटत न्हाई, नवा मिक्सर असो की पोरीचं नेमणुकीचं पत्र. अर्ध्या तासात वाळतोय हे तिनं ऐकलं होतं. तिनं श्रद्धेनं तीन बोटं बोनेटवर आडवी ओढली. बोटं प्रायमरात रुतली, तीन चर पडले, अन् चरांत विभूती.

"अव्वा!"

"वरडतोस कशाला? वाळतंय म्हणालास तूच! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

तेवढ्यात गेट वाजलं. अक्षरा आली. झाकायला चादरसुद्धा हाताशी नव्हती. तिनं माझे ठसे बघितले, चर बघितले, चिकटून मेलेली एक माशी बघितली. झालं, म्हणलं, आता ही जन्मभर एसटीत बसणार. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"पप्पा," ती म्हणाली, "मी तर नुसती घासली होती."

अन् पोट धरून हसली. हसता हसता खालीच बसली. मग उठली, काचेवरचे कागद टराटरा काढले अन् हात पुढं केला.

"ह्याच्यापेक्षा वाईट आता काय होणार हाय? द्या चावी. थिनर मी आणते."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पळत जाऊन शेजारच्या सीटवर बसलो, पट्टा लावला.

"हं, क्लच दाब. आरसा बघ. डावीकडं बघ, डावीकडं! हळू..."

गाडी अजून सुरूही झाली नव्हती. अक्षराचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते अन् तोंडावरचं हसू पार गेलं होतं.

"कोणता थिनर आणायचा?" तिनं समोर बघत विचारलं.

"पीयू. स्लोवाला. घाई करू नको, नीट विचारून..."

"पप्पा."

"काय गं?"

"उतरा."

"आँ?"

"त्या दिवशी खांब मला दिसत होता. तुम्ही कानाशी 'ब्रेक, ब्रेक' म्हणून वरडलात अन् माझा पाय भलतीकडंच पडला. मला गाडीची भीती न्हाई वाटत, पप्पा. तुम्ही शेजारी बसलात की वाटती."

रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो. पण ती अगदी हळू बोलली. मी पायरीकडं बघितलं. वर्षाराणी होती, अव्वा होती. एरवी दोघी एका वाक्यावर एकमत होत न्हाईत, पण आत्ता दोघींच्या माना पोरीच्या बाजूनं एकदमच हलल्या. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक माझ्याशिवाय.

मी पट्टा सोडला अन् उतरलो.