मिनलचं मीठ आणि स्कुटीची चावी

आडवी.

मिनल तपासणीच्या खाटेवर. दंडाला पट्टा. बीपी ११६. छान.

मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी संपावर गेल्यापासून ती रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेते आणि दर सहा महिन्यांनी धरमपेठेतल्या या दवाखान्यात येते. वजन, रक्त, बीपी. नेहमीचंच. आज मात्र तिच्या स्कुटीची चावी नवऱ्याच्या, मुकुंदच्या खिशात आहे. मागच्या महिन्यात अंगणात घेरी आली, तेव्हापासून जप्त. डॉक्टर हो म्हणाल्या तरच परत.

उभी.

"आता उभ्या राहा," डॉ. सुरुची म्हणाल्या.

तिच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मिनल हसली.

"काहून हसून राहिली वं?" मुकुंदनं विचारलं.

"काही नाही. मस्त वाटून राहिलं मले."

बीपी ९२.

(चावी खिशात आणखी खोल गेली.)

बसून.

रक्तात सोडियमही कमी.

"गोळ्या चुकल्या? उलट्या, जुलाब, ताप?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"आणि मीठ?"

मुकुंद सरसावला. "त्याची फिकीरच नका करू मॅडम. मले बीपी निघालं तेव्हापासून घरात सगळं अळणी. दोघांले एकच पातेलं. पण ही चोरून लोणच्याचा खार चाटते! शेवटी बरणी माळ्यावर चढवली मी."

मिनलची मान खाली. "लई मन मारते जी. सुटतच नाही."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "मुकुंदराव, ते पथ्य तुमचं. यांच्या शरीरात मीठ टिकतच नाही. ते मीठ मागत होतं आणि तुम्ही बरणी लपवली."

"म्हणजे मी खादाड नाही?" मिनलनं मान वर केली.

"अजिबात नाही. गोळी आत्ताच वाढवत नाही. आधी मीठ. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजू. तोवर चावी तिथेच."

मधे.

दोन पातेली. बरणी ओट्यावर. मुकुंद आपल्या अळणी दोडक्याकडे बघून उसासे टाकतो.

पुन्हा आडवी, पुन्हा उभी.

११८. ११२. कॅलेंडर जागच्या जागी. डॉक्टर हो म्हणाल्या.

चालती.

दवाखान्याबाहेर मुकुंदनं चावी पुढे केली, पण सोडेना.

"आजाराचं कार्ड, अचानक लागलं तर घ्यायचं इंजेक्शन?"

"पर्समध्ये. सोडा आता."

"हळू चालवजो."

"बसा मागं. रस्त्यात तर्री पोहे खाऊ."

"मीही?" मुकुंदचा चेहरा उजळला.

"तुम्ही वास घ्या," मिनल म्हणाली आणि स्कुटी सुरू केली.